क्रीडा महोत्सव आधी कोणासाठी आणि कोणत्या महिन्यात: तळोद्याच्या क्रीडाशिक्षकांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तळोदा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त येत्या मार्चअखेर आंतरशालेय क्रीडा महोत्सव भरवायचा आहे. त्यात दहा किलोमीटरची दौड, कबड्डी, खो-खो आणि तिरंदाजी असेल आणि सुमारे बाराशे मुले येतील. शाळेच्या मैदानावर कृत्रिम गवत टाकावे आणि दौडीला ‘हरित मॅरेथॉन’ असे नाव देऊन रोपे व कापडी पिशव्या वाटाव्यात, असा संस्थाचालकांचा विचार आहे. दुसरीकडे शिक्षकांचा अनुभव असा की सातपुड्याच्या डोंगरातील धडगाव-मोलगीकडची मुले, विशेषतः मुली, अशा स्पर्धांना फारशा येत नाहीत आणि आल्या तरी पहिल्याच फेरीत बाद होऊन परततात. पैसा मर्यादित आहे. तेव्हा आधी सामाजिक न्यायाकडे पाहावे की पर्यावरणाकडे, आणि सुरुवात कुठून करावी?

सर, शारीरिक शिक्षणाच्या आणि स्पर्धा-आयोजनाच्या कामात माझे आयुष्य गेले आहे आणि त्यातील बराचसा काळ जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतच गेला आहे. त्या आधारावर मी ठामपणे सांगतो की आपल्या भागात हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. स्पर्धा कोणत्या महिन्यात घ्यायची, कुठे घ्यायची, कोणत्या जमिनीवर घ्यायची आणि पाणी कोठून आणायचे, हे चार निर्णय झाले की न्याय आणि पर्यावरण या दोन्हींचा बहुतेक निकाल लागलेला असतो. रोपे, पिशव्या आणि फलकावरील हिरवा रंग यांची पाळी त्यानंतर येते. म्हणून मी त्या चार निर्णयांवर अधिक वेळ घेतो.

पहिला निर्णय तारखेचा. मार्चअखेर हा काळ मला दोन्ही बाजूंनी अयोग्य वाटतो. तापी खोऱ्यात तेव्हा पारा चाळीसच्या आसपास पोहोचू लागतो आणि सकाळी नऊनंतर उघड्या मैदानावर लहान मुलांना उभे करणे धोक्याचे होते. परंतु त्याहून महत्त्वाची बाब अशी की ज्या मुलांसाठी आपण काळजी व्यक्त केली आहे, त्यांच्यापैकी अनेक जण त्या वेळी गावात नसतात. दिवाळीनंतर सातपुड्याच्या पाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि घरात मागे कोणी राहत नसल्यामुळे मुलेही बरोबर जातात. मधे होळीसाठी लोक गावी परततात, पण होळी हा तिकडचा वर्षाचा सर्वांत मोठा सण आहे. गावोगावची होळी वेगवेगळ्या दिवशी असते आणि बावा-बुध्या होणारे, म्हणजे होळीसाठी खास वेश धारण करून नाचणारे, पुरुष व तरुण मुले त्या दिवसांत पाळणुकीचे कडक नियम पाळत असतात. त्या आठवड्यात स्पर्धा ठेवून ‘आदिवासी मुले आली नाहीत’ असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मग डिसेंबर घ्यावा काय? हवेच्या दृष्टीने डिसेंबर हा आपल्याकडचा सर्वोत्तम महिना आहे, पण तोडणी कामगारांची मुले तेव्हाही बाहेरच असतात. दिवाळीपूर्वीचा काळ घेतला तर मुले गावात असतात, पण ऑक्टोबरचे ऊन आणि पावसाळ्यानंतर हवेत राहिलेला दमटपणा त्रास देतो. येथे न्याय आणि हवामान यांची ओढ परस्परविरुद्ध दिशेला आहे, हे मान्य करूनच तोडगा काढावा लागतो. माझी सूचना अशी की महोत्सव दोन टप्प्यांत घ्यावा. कबड्डी, खो-खो, तिरंदाजी आणि कमी अंतराच्या शर्यती यांच्या प्राथमिक फेऱ्या सप्टेंबरअखेर ते दिवाळीपूर्वी, फक्त सकाळच्या वेळी घ्याव्यात. लांब पल्ल्याची दौड आणि अंतिम सामने डिसेंबरच्या पूर्वार्धात ठेवावेत. अंतिम फेरीत निवडलेल्या मुलांच्या पालकांशी दिवाळीपूर्वीच बोलून त्या मुलांची सोय हंगामी वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत करून घ्यावी. असे केल्याने काही मुलांचे स्थलांतरात बुडणारे शाळेचे वर्षही वाचते.

वेळेबाबतही हीच अडचण येते. दौड सकाळी सहाला सुरू करणे उन्हाच्या दृष्टीने योग्य आहे, पण मोलगीहून पहिली गाडी पकडणारे मूल सहाला तळोद्यात पोहोचूच शकत नाही. आयोजकांनी मुक्कामाची सोय केली नाही तर सहाची वेळ ही केवळ शहरालगतच्या मुलांची वेळ ठरते. पहाटेची शर्यत ठेवायची असेल, तर आदल्या रात्रीचा मुक्काम, जेवण आणि मुलींसाठी सोबत राहणाऱ्या शिक्षिका हा खर्च अंदाजपत्रकात सर्वांत वर लिहिला पाहिजे. सायंकाळी प्रकाशझोतात सामने घ्यावेत असे काही जण सुचवतील. हवा थंड असते हे खरे, पण त्यासाठी डिझेलचे जनित्र चालवावे लागते आणि रात्री दहाला मुलगी पाड्यावर कशी परतणार याचे उत्तर कोणाकडे नसते. शालेय स्पर्धांसाठी मी तो मार्ग घेत नाही.

उन्हाचा विषय जगातील मोठ्या स्पर्धांनाही सुटलेला नाही. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक मैदानी स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरीही ६८ पैकी २८ धावपटू शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने उत्तरेकडील साप्पोरो येथे हलवली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये महिलांची शर्यत ऐनवेळी आणखी एक तास अलीकडे, म्हणजे सहा वाजता घ्यावी लागली. जगातील उत्तम प्रशिक्षित खेळाडूंची ही स्थिती असेल, तर आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना दहा किलोमीटर पळवण्याचा आग्रह सोडून द्यावा. दहा किलोमीटर प्रौढांसाठी ठेवा, सतरा वर्षांखालील गटासाठी तीन किलोमीटर पुरे आहेत आणि चौदा वर्षांखालील गटासाठी त्याहून कमी अंतर ठेवा.

केवळ तापमापकावर विसंबू नका. दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र मोजणारा ‘वेट बल्ब ग्लोब’ हा निर्देशांक क्रीडावैद्यकात वापरला जातो आणि तो २८ अंशांच्या वर गेल्यास लांब पल्ल्याची शर्यत घेऊ नये, असे अमेरिकी क्रीडावैद्यकांचे जुने आणि अजून उपयोगी मार्गदर्शन आहे. हे मोजण्याचे छोटे यंत्र एखाद्या महाविद्यालयाकडून उसने मिळू शकते. मुलांना उन्हाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून सराव दोन आठवडे आधीच सुरू झाला पाहिजे. एखादे मूल धावताना कोसळले, बरळू लागले किंवा त्याची त्वचा तापली, तर त्याला रुग्णवाहिकेत घालण्यापूर्वी तिथेच थंड करायचे असते. गार पाण्याने भरलेली मोठी टाकी किंवा ताडपत्रीत धरलेले बर्फाचे पाणी, त्यात शरीर बुडवणे आणि मगच दवाखाना, हा क्रम प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असावा. एप्रिल २०२३ मध्ये खारघर येथे भर उन्हात चाललेल्या सोहळ्यात उष्माघाताने लोक दगावले, ते खेळाडू नव्हते, नुसते बसलेले श्रोते होते. म्हणून मुलांबरोबरच पंच, गुणलेखक, पालक आणि पोलीस यांनाही सावली लागते.

याच संदर्भात एक विषय आपल्या जिल्ह्यात टाळून चालणार नाही, तो म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. भिल्ल, पावरा, मावची आणि इतर आदिवासी समाजांत या आजाराचे वाहक लक्षणीय प्रमाणात आहेत. वाहक व्यक्तीला एरवी काही त्रास जाणवत नाही आणि ती उत्तम खेळाडू असू शकते, परंतु तीव्र ऊन, शरीरातील पाणी कमी होणे आणि विश्रांतीविना अचानक वाढवलेला जोर हे तिन्ही एकत्र आले तर वाहकालाही जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो. अमेरिकेत २००६ मध्ये एक महाविद्यालयीन फुटबॉलपटू सरावानंतर याच कारणाने दगावला आणि पुढे २०१० पासून तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने सर्वोच्च विभागातील खेळाडूंसाठी वाहक-स्थिती जाणून घेण्याचा नियम केला. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्याअंतर्गत तपासणी आणि समुपदेशन होते. प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून स्पर्धेच्या बऱ्याच आधी, पालकांच्या संमतीने तपासणी करून घ्या. मात्र येथे फार जपावे लागते. तपासणीचा निकाल गोपनीय राहिला पाहिजे, त्याची यादी शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लागता कामा नये आणि वाहक आहे म्हणून कोणत्याही मुलाला संघातून वगळता कामा नये. वाहक मुलाला हवे असते ते हळूहळू वाढत जाणाऱ्या सरावाचे, हवे तेव्हा थांबण्याच्या मुभेचे आणि भरपूर पाण्याचे संरक्षण. ज्या मुलाला प्रत्यक्ष आजार आहे, त्याच्याबाबत निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. थकून थांबलेल्या मुलाला ‘आळशी’ म्हणून पुन्हा पळवणारा प्रशिक्षक हा या प्रकरणातील सर्वांत मोठा धोका आहे, हे मी अत्यंत गांभीर्याने लिहीत आहे.

दुसरा निर्णय ठिकाणाचा. कोणत्याही स्पर्धेत इंधनाचा मोठा वाटा लोकांच्या प्रवासात जातो. बाराशे मुले तळोद्याला आणण्याऐवजी प्राथमिक फेऱ्या मोलगी, धडगाव, अक्कलकुवा आणि तळोदा अशा चार ठिकाणी घेतल्या, तर घाटातून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांची संख्या एकदम खाली येते. त्याचबरोबर मुली त्याच दिवशी घरी परततात, पालक सामना पाहायला येतात, पंच म्हणून स्थानिक शिक्षक तयार होतात आणि मोलगीच्या मुलीला पहिल्यांदाच स्वतःच्या गावच्या माणसांसमोर खेळायला मिळते. हरित कृती आणि न्याय्य कृती एकच असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. नर्मदा बचाव आंदोलनाने नर्मदा खोऱ्यात चालवलेल्या जीवनशाळांचे बालमेळे खोऱ्यातच भरतात आणि तेथे मुले कशी मोकळेपणाने खेळतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. अंतिम फेरीचा एक तरी दिवस वर, धडगावला ठेवण्याचा विचार करावा. दरवेळी डोंगरातल्यांनीच खाली का यावे, हा प्रश्न संस्थाचालकांपुढे ठेवण्यासारखा आहे. मात्र दौडीचा मार्ग जंगलातून किंवा पाड्यांमधून जाणार असेल, तर पेसा, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या क्षेत्रातील ग्रामसभेला आधी विचारा आणि तिने सुचवलेला बदल मान्य करा. वनविभागाचे पत्र मिळाले म्हणजे काम झाले, असे समजू नका.

तिसरा निर्णय मैदानाचा आणि येथे माझे मत स्पष्ट आहे: कृत्रिम गवत टाकू नका. जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत तासावर भाड्याने मिळणारी ‘टर्फ’ मैदाने वाढली आहेत आणि त्यांचा मोह संस्थाचालकांना होणे स्वाभाविक आहे. पण हे गवत म्हणजे प्लास्टिक आहे. उन्हात त्याचा पृष्ठभाग नैसर्गिक गवतापेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंश पाहणाऱ्या आपल्या प्रदेशात अनवाणी मुलाला त्यावर पाय ठेवणे अशक्य होते. थंड करायचे तर पाणी मारावे लागते. आठ-दहा वर्षांत ते झिजते, त्याचे धागे आणि त्यातील रबराचे कण मातीत व नाल्यात जातात आणि उखडलेले गवत टाकायचे कुठे, याचे उत्तर कंत्राटदार देत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर जे निर्बंध आणले, त्यात अशा मैदानांत भरावासाठी वापरले जाणारे कणही आहेत आणि त्यांच्या विक्रीसाठी आठ वर्षांची मुदत देण्यात आली आहे. न्यायाच्या बाजूनेही पाहा. ज्या मैदानावर लाखो रुपये गुंतले, ते मैदान संस्था कुलूपबंद ठेवणार आणि संध्याकाळी भाड्याने देणार. आज शाळा सुटल्यावर गावातली पोरे ज्या मैदानावर बिनपैशाने खेळतात, ते त्यांच्या हातून जाईल. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. ते मुलांसाठी म्हटले आहे.

त्याऐवजी मातीवर खर्च करा. आपल्या भागातील काळ्या मातीचे मैदान पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात त्याला पायाचा घोटा अडकेल अशा भेगा पडतात, ही खरी अडचण आहे. ती सोडवण्यासाठी वरचा थर काढून, मध्यभागापासून कडेला हलका उतार देऊन, मुरमाचा थर पाणी मारून आणि रोलर फिरवून बसवावा व त्यावर चाळलेल्या लाल मातीचा पातळ थर द्यावा. कडेने पाणी वाहून जाण्यासाठी चर काढावा आणि तो शोषखड्ड्यात सोडावा. कबड्डी आणि खो-खोच्या जागेवरची माती दरवर्षी पावसाळ्यानंतर उकरून, खडे वेचून पुन्हा दाबावी लागते. हे काम गावातल्या माणसांना रोजगार देते आणि त्याची दुरुस्ती कोणत्याही शिक्षकाला जमते. दक्षिण आणि पश्चिम बाजूंना कडुनिंब आणि चिंच लावली, तर आठ-दहा वर्षांनी, म्हणजे कृत्रिम गवत उखडायची वेळ आली असती तेव्हा, आपल्या मैदानाला दुपारची सावली मिळू लागेल.

चौथा निर्णय पाण्याचा. हिशेब साधा आहे. एक हेक्टर हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तरी ते ५०,००० लिटर होते. जल जीवन मिशनचे ग्रामीण भागासाठीचे प्रमाण दरडोई दररोज ५५ लिटर आहे, म्हणजे ते पाणी नऊशे माणसांच्या एका दिवसाच्या गरजेइतके आहे. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने दुष्काळामुळे महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला, त्याच महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी जात होते. त्या आदेशावर तेव्हा बरीच टीका झाली, पण मला तो योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. ज्या गावाला टँकर येतो, त्या गावात मैदानाला पाणी मारण्यासाठी टँकर मागवणे अयोग्य आहे. शाळेच्या ५०० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तीन लाख लिटर पाणी पडते. गळती आणि बाष्पीभवन वजा जाता सव्वादोन लाख लिटरच्या आसपास साठवता किंवा विहिरीत मुरवता येते. कृत्रिम गवतासाठी ठेवलेल्या पैशांच्या काही हिश्श्यात हे होईल. नाले खोल व रुंद करून पाणी मुरवण्याचे शिरपूर तालुक्यातील काम आपल्यापासून लांब नाही. एक दिवस संचालक मंडळाला तिकडे घेऊन जा.

स्पर्धेच्या दिवशी बाटलीबंद पाणी नको, हे आपण जाणताच. पण पेल्यांचा विचार नीट करा. कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा थर असतो, तर स्टीलचे पेले धुवायला पाणी लागते. प्रत्येक मुलाने घरून स्वतःची बाटली किंवा तांब्या आणावा, नळ लावलेल्या टाक्या आणि माठ सावलीत ठेवावेत, हा मधला मार्ग मला सर्वांत बरा वाटतो. दौडीच्या मार्गावर स्टीलचे पेले द्यायचे असतील, तर धुण्याचे पाणी बादलीत जमा करून झाडांना घालावे. साध्या पाण्याबरोबर मीठ-साखरेचे पाणीही ठेवा: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, याहून अधिक मीठ घालू नये.

आता संघ पहिल्या फेरीत का बाद होतात, याविषयी. आपण हा प्रश्न मुलांच्या क्षमतेचा समजत नाही, याचे मला समाधान वाटते. कबड्डी आणि खो-खो आता वरच्या पातळीवर मॅटवर खेळले जातात. जी मुले वर्षभर मातीवर अनवाणी खेळली, ती स्पर्धेच्या दिवशी प्रथमच बूट घालून मॅटवर उतरतात. त्यांचा पाय घसरतो, झेप चुकते आणि आपण त्याला अनुभवाची कमतरता म्हणतो. मॅटमुळे खरचटणे कमी होते, हे मी मान्य करतो, म्हणून मॅटला माझा विरोध नाही. पण मग स्पर्धेपूर्वी महिनाभर तोच मॅटचा संच आठवडा-आठवडा एकेका आश्रमशाळेत फिरवा. एवढे शक्य नसेल, तर सगळे सामने मातीवर घ्या, म्हणजे निदान सगळे सारखे राहतील. बुटांसाठी जिल्ह्यातील महाविद्यालयीन खेळाडूंकडून वापरलेले पण चांगले बूट जमवून, ते शिवून-चिकटवून घेऊन, मापांप्रमाणे लावलेली एक बुटांची पेढी उभारता येते. ते काम गावातील चर्मकाराला रीतसर मजुरी देऊन करून घ्या. तिरंदाजीत महागड्या आयात धनुष्यांऐवजी बांबू-लाकडाच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ हा मान्यताप्राप्त प्रकार ठेवा.

मुलींच्या बाबतीत मला जे सर्वांत परिणामकारक वाटले, ते अगदी व्यावहारिक आहे. मैदानाजवळ पाणी आणि आतून कडी असलेले स्वच्छतागृह, कपडे बदलण्यासाठी बंद खोली, सॅनिटरी पॅड आणि ते टाकण्यासाठी झाकणाचा डबा, संघाबरोबर एक स्त्री व्यवस्थापक आणि पोशाखाची सक्ती न करणे. चड्डीऐवजी पूर्ण विजार घालून खेळणाऱ्या मुलीला पंचांनी अडवू नये. तक्रार कोणाकडे करायची त्या शिक्षिकेचे नाव प्रत्येक मुलीला माहीत असले पाहिजे. २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीगिरांना न्यायासाठी दिल्लीत रस्त्यावर बसावे लागले. त्यांचे म्हणणे ऐकायला इतका वेळ लागला, तर शाळकरी मुलीचे कोण ऐकणार, याचा विचार आयोजकांनी आधीच केला पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला संघाने जिंकला, ही बातमी मात्र प्रत्येक आश्रमशाळेत पोहोचवा.

नोंदणीच्या कागदांकडेही लक्ष द्या. जन्मदाखला, आधार आणि छायाचित्र यांपैकी एक नाही म्हणून परत पाठवलेली मुले बहुधा स्थलांतरित कुटुंबांतील असतात. प्राथमिक फेरीसाठी मुख्याध्यापकांचा दाखला पुरेसा माना आणि उरलेले कागद अंतिम फेरीपर्यंत शाळेने मिळवून द्यावेत. प्रवेश शुल्क ठेवूच नका.

जेवणासाठी पत्रावळी-द्रोण पळसाच्या पानांचे घ्या आणि ते जंगलालगतच्या महिला गटांकडून घ्या. न्याहारीला केळी आहेतच. रावेर-यावलचे केळे नंदुरबारपर्यंत स्वस्तात येते आणि खेळाडूला त्याहून सोयीचे खाणे नाही. दुपारी भाकरी, डाळ आणि भरीत पुरेसे आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याला वनभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते; जंगल राखणाऱ्या त्या गावाचे श्री. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तसा एखादा वनभाजीचा पदार्थ आपल्या पंगतीत असावा. मात्र पाहुण्यांसाठी वेगळी पंगत, वेगळे ताट आणि पंखा असलेली खोली ही पद्धत बंद करा. एके काळी पुण्यात पालवणकर बाळू या दलित क्रिकेटपटूच्या गोलंदाजीवर संघ सामने जिंकत असे आणि चहाच्या वेळी त्याच बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या खेळाडूची ही कथा मुलांना सांगावी आणि आपल्या पंगतीत त्याचा लवलेशही राहू देऊ नये. स्पर्धा संपल्यावर मैदान कोण झाडते, हाही याच विषयाचा भाग आहे. सफाई कामगारांना हातमोजे, जेवण आणि त्याच दिवशी मजुरी द्या, आणि ओला-सुका कचरा मुलांनी व पालकांनीच वेगळा करून द्यावा.

उद्घाटनाबाबत एक आग्रहाची विनंती आहे. प्रमुख पाहुणे येईपर्यंत मुलांना रांगेत उन्हात उभे करू नका. आदिवासी नृत्यपथक बोलवायचे असेल, तर त्यांना मानधन, सावलीत जागा आणि जेवण द्या आणि व्यासपीठावर त्यांच्यापैकी एकाला बोलू द्या. स्वागतासाठी ढोल वाजवणाऱ्यांची मुले स्पर्धेच्या यादीतच नसतील, तर तो देखावा मला व्यक्तिशः सहन होत नाही.

रोपे वाटण्याविषयी एवढेच की मार्चमध्ये वाटलेले रोप पाण्याअभावी मरते. वाटायचीच असतील, तर जूनमध्ये, पाऊस पडल्यावर, मैदानाच्या कडेने लावा आणि एकेका वर्गाकडे दोन वर्षांसाठी सोपवा. पॉलिस्टरचे छापील टी-शर्ट बाराशे मुलांना देऊ नका. त्याऐवजी संघांसाठी रंगीत पट्टे शिवून घ्या, ते वर्षानुवर्षे चालतात. चेंडू खरेदी करताना ते बालमजुरीविना बनल्याची लेखी हमी मागा. १९९७ मध्ये सियालकोटच्या फुटबॉल शिवणकामातील बालमजुरीविरुद्ध करार झाला आणि त्यानंतर जालंधरच्या उद्योगातही देखरेख सुरू झाली, ती ग्राहकांनी विचारणा केल्यामुळेच. मुलांच्या खेळासाठी दुसऱ्या मुलांचे बालपण वापरले जाऊ नये.

संस्थाचालकांपुढे हे मांडताना आकडे घेऊन जा. कृत्रिम गवताचे कोटेशन एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला मुरमाचे मैदान, छपराचे पाणी साठवण्याची टाकी, मुक्काम, मॅट फिरवण्याचे भाडे, बुटांची पेढी आणि स्वच्छतागृह यांचा एकत्रित खर्च लिहा. त्याबरोबर एक नोंदवही ठेवा: किती गावांतून किती मुले व मुली आल्या, किती जणी अंतिम फेरीपर्यंत टिकल्या, किती डिझेल लागले, किती पाणी लागले, किती किलो कचरा निघाला आणि उन्हाचा त्रास किती जणांना झाला. पुढच्या वर्षी तेच आकडे शेजारी मांडता येतील. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी क्रीडा संघटनांसाठी हवामानविषयक कृतीचा जो आराखडा पुढे ठेवला, त्यातही मोजणे आणि जाहीर करणे यांना महत्त्व आहे, आणि त्यासाठी शाळेला कोणत्याही सल्लागाराची गरज नाही.

तारखेचा बदल मान्य झाला, तर धडगाव, मोलगी आणि अक्कलकुव्याच्या शाळांना पत्रे गणेशोत्सवापूर्वी गेली पाहिजेत. पहिल्या नियोजन बैठकीला तेथील दोन आश्रमशाळांचे क्रीडाशिक्षक, एक अधीक्षिका, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर आणि अंतिम फेरी जिथे होणार त्या गावच्या ग्रामसभेचा एक प्रतिनिधी यांना बोलवा आणि ती बैठक तळोद्यात न घेता मोलगीला घ्या. ऊसतोडीच्या टोळ्यांचे मुकादम पावसाळ्यातच गावोगाव फिरून उचल देऊ लागतात. त्याआधी पालकांशी बोलणे झाले, तर कोणती मुले डिसेंबरपर्यंत मागे राहू शकतील याची यादी आपल्या हाती येईल आणि वसतिगृहातील जागांची मागणी वेळेत नोंदवता येईल.